शाहजादीची रुई

मालेगाव (जहांगीर), ५ मार्च

जिकरा आपा,

सलाम. पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील, तू फाडायला घेशील आणि मग वाचशील. विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचणारी बाई तू, बहिणीचं पत्र न वाचता टाकणं तुला जमायचं नाही. माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा जुना रस्ता धरला. आणि शाळेत निबंधाला मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

मी मजेत आहे, हे आधी सांगून टाकते. सहावा महिना लागलाय. बातमी तुझ्यापर्यंत आली असेलच, धनजला बातम्या एसटीच्या आधी पोचतात.

तुझं शेवटचं बोलणं मला पाठ आहे. ‘त्या घरातून एक बाई पोटातल्या जिवासकट गेली, अन् कायनं गेली ते कोनी धड सांगत नाई. तू गेली त मी तुले मेली.’ मी म्हटलं होतं, अल्ताफची पहिली बायको विहिरीवर पाय घसरून पडली, सगळं मालेगाव सांगतं. आणि बायको गेलेल्या माणसाने काय जन्मभर एकटंच राहायचं? तू निकाहला आली नाहीस. अम्मीच्या माघारी मला वाढवणारी तू, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला शेजारीण उभी राहिली. असो.

अल्ताफ चांगला आहे. तू त्याला धनजच्या बाजारात पाहिला आहेस, टेम्पोवर रुई पिंजायची मशीन घेऊन फिरणारा. लग्नसराईत गाद्यांची कामं निघतात, तेव्हा तो मानोऱ्याकडच्या तांड्यांवर गेला की चार-चार दिवस तिकडेच. घरी मी, सासू आणि सासरे. सासरे म्हणजे रज्जाक अब्बा, पूर्वी हाताने पिंजायचे. त्यांची धुनकी, ते माणसाएवढं लाकडी धनुष्य, मागच्या खोलीत कुलपात पडलेलं असतं. त्यांना आता ऐकू कमी येतं. बोलतात त्याहून कमी.

रमजान सुरू झाला. पोटुशीला रोजे माफ असतात आणि मी धरलेलेही नाहीत. फक्त जेवत नाही. घास तोंडात फिरतो आणि गिळवत नाही. रमजानमध्ये न जेवणारं माणूस कोणाच्या नजरेत भरत नाही. पहाटे सहेरीच्या जेवणाला सासू उठवायला येते तर मी जागीच असते, म्हणून तिला माझं भारी कौतुक. शेजारणींना सांगते, पोरगी अवघडलेली असून रोजे करते, आमच्या आधी उठते. मी मान खाली घालते. झोप लागतच नाही असं सांगितलं तर ते कौतुक जाईल, आणि सध्या मला या घरात तेवढंच गोड लागतंय.

एक गंमत सांगते. दुपारी जोहरची नमाज आटोपून सगळे आडवे होतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा मला धुनकीचा आवाज येतो. टणणण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टणणण. सासूला विचारलं तर म्हणाली, त्या धुनकीची तात, म्हणजे वाजणारी दोरी, तुटून जमाना झाला. मीही हसले. पोटुशी बायकांचे कान वाजतात का गं आपा?

सतवासा ईद झाल्यावर आहे. सातव्या महिन्यात ओटी माहेरच्यांनी भरायची असते, आणि माहेर म्हणजे तू. ये किंवा येऊ नकोस, मी आपलं कळवलं.

तुझी नमरा


मालेगाव, १३ मार्च

आपा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी पोस्टाला शिव्या देते.

मजेत आहे असं लिहिलं होतं, ते तितकंसं खरं नव्हतं. आज जे झालं ते सांगते, तुला हसू आलं तर हस.

परवा इफ्तारीसाठी खरबूज चिरत बसले होते. सासूने विचारलं, ‘काहून गप्प हाय तू?’ मला रडायला येत नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. मनात होतं ते तोंडातून गेलं. ‘अम्मीजान, मी घरात हाय, पण घरात नाई.’

तिच्या हातातलं ताट खाली पडलं. खरबुजाच्या फोडी ओसरीभर झाल्या आणि ती त्या उचलेना. माझ्याकडे बघत म्हणाली, ‘हे तुले कोनं सांगतलं?’

कोण सांगणार? मला वाटलं ते मी बोलले. पण ती माझ्यापासून सरकत सरकत भिंतीपाशी गेली आणि कुराणातली आयत पुटपुटायला लागली. मग तिने अल्ताफला फोन लावला, आणि आतल्या खोलीतून मला ऐकू आलं की शाहजादी, त्याची पहिली बायको, हेच बोलायची. याच ओसरीत, असंच काहीतरी चिरत बसलेली असताना. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

अल्ताफ आज सकाळी मानोऱ्याहून आला आणि माझ्याशी न बोलता माझी गादी उसवायला बसला. तेव्हा मला कळलं. पिंजाऱ्याच्या घरात रुई फेकत नाहीत. माणूस मेलं तरी गादी उसवायची, रुईला ऊन दाखवायचं, पिंजायची आणि नव्या खोळीत भरायची. रुईला काही लागत नाही, असं हे लोक गावोगाव गिऱ्हाइकाला सांगतात आणि स्वतःही मानत आले. माझ्या निकाहची लाल खोळीची गादी शाहजादीच्या रुईची होती.

खोळ उसवली तर आत गाठीच गाठी. लग्नाआधी मऊसूत पिंजून भरलेली रुई लिंबाएवढ्या गोळ्यांनी भरली होती. सासू म्हणाली, ‘पाह्य, बसून राह्यली हाय ती याच्यात.’ ज्यांचा सगळा धंदा रुईवर, त्यांनी ती रुई काठीने गोणीत ढकलली. हात लावला नाही.

मला बरं वाटलं, आपा. घाबरायचं सोडून मला चक्क बरं वाटलं. कारण सापडलं. मी वाईट नाही, आळशी नाही, उपकार विसरणारी नाशुक्री नाही. माझ्या पाठीखाली दुसऱ्या बाईचं दुःख होतं आणि ते मला लागलं, एवढंच. आजपासून मी चटईवर झोपणार. पुढच्या पत्रात बघ कशी टवटवीत होते.

नमरा


मालेगाव, २२ मार्च

आपा,

चटईत कोणी मेलेलं नाही, तरी झोप नाही.

आता खरं लिहिते, कारण इथे मला कोणी बोलू देत नाही. सकाळ सगळ्यात वाईट. उजाडतं आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. केस विंचरायचे म्हटलं तरी हात उचलत नाही. काल दुपट्ट्याची घडी घालताना रडू आलं; कशाचं म्हणून विचारशील तर मला सांगता यायचं नाही. बाळ हलतं. चांगलं जोरात हलतं. बायकांना तेव्हा आनंद होतो, मी पाहिलंय. मला वाटतं, कोणीतरी दार वाजवतंय आणि घरात कोणी नाही.

एकदा मी पोटावर हात ठेवून म्हटलं, ‘तुले दुसरी माय भेटाले पाहिजे होती.’ अगदी हळू म्हटलं होतं. आतून सासू ओरडली, ‘चूप बस, चूप बस.’ तेव्हा ओळखलं की हेही शाहजादीचंच. आपा, मी तिला कधी पाहिलं नाही. तिचा फोटोसुद्धा या घरात नाही. मग तिचं बोलणं माझ्या तोंडात कुठून येतं?

दंडाला तावीज बांधलाय. मी तोंड उघडलं की घर घाबरतं, म्हणून मी उघडत नाही. मग सासू म्हणते, तीही शेवटी अशीच गप्प झाली होती. काल मला हाक मारताना ती ‘शा’ म्हणाली आणि थांबली. मी मात्र ओ दिली होती.

आणि आणखी एक. काल दुपारी मी घरामागच्या विहिरीपाशी उभी होते. तिथे कशी गेले ते आठवत नाही. पाय पोळायला लागले तेव्हा लक्षात आलं, चपला घातलेल्या नाहीत. विहिरीचा कठडा माझ्या छातीपर्यंत येतो. जुना आहे, वाडवडिलांच्या वेळचा, दगडांच्या फटीतून पिंपळ उगवलाय. त्यावर लोखंडी जाळी आहे आणि जाळीला कुलूप. जाळी नवी आहे.

छातीएवढ्या कठड्यावरून कोणाचा पाय घसरत नाही, आपा. हे मला कळलं आणि त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तू बरोबर होतीस. आता तरी खूश हो.

धुनकी रोज वाजते. मी विचारणं सोडलं.

नमरा


मालेगाव, २ एप्रिल

आपा,

ईद मुबारक. ईदच्या दिवशी अल्ताफ घरी होता. त्याने माझ्यासाठी बदामी रंगाचा सूट आणला. मी घातला, हसले, शीरखुर्मा वाटला. तो एकदा माझा हात धरून म्हणाला, ‘बरं वाटून राह्यलं ना?’ इतकं आशेने विचारलं की मी हो म्हटलं. त्याला खरं ऐकायचं नव्हतं असं नाही, त्याच्यात पुन्हा ऐकायची ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

सतवासा पुढच्या शुक्रवारी ठरलाय. तो ठरवताना सासूच्या तोंडून निसटलं की शाहजादी तिच्या सतवासाच्या दुसऱ्या दिवशी गेली. तिचा सतवासाही ईदनंतरच होता.

आता कालचं सांगते. दुपारी आवाज सुरू झाला. एरवी मी उशी कानावर घेते. काल मला वाटलं, जे काय आहे ते पाहून घेऊ, घाबरायचं तरी कशासाठी उरलंय. मी मागच्या खोलीकडे गेले. कडीला कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. दार ढकललं.

आत सगळं पांढरं होतं. झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात रुई उडत होती, जमिनीवर घोट्याएवढी साठली होती. आढ्याला धुनकी टांगलेली, तिची तात धडधाकट. खाली नाकातोंडाला फडकं बांधून अब्बा बसले होते आणि लाकडी मुठीने तात छेडत होते. टणणण. रुई उसळायची, खाली बसायची. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. त्यांना माझी चाहूल लागली नाही. माझ्या केसांवर, हातांवर, पोटावर रुई बसत गेली.

मग त्यांनी मान वर केली. मी खरंच सांगते, आपा, आजवर माणसाचं असं तोंड पाहिलं नव्हतं. ते बसल्या जागी मागे सरकले, भिंतीला टेकले, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, ‘शाहजादी. बेटी, माफ कर.’

एवढे दिवस मी त्या घरात भूत शोधत होते. दारात पांढरी होऊन मीच उभी होते.

मी जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, नमरा हाय मी, अब्बा. त्यांनी माझा हात चाचपून पाहिला. मग तोंडावरचं फडकं सोडलं आणि रडायला लागले. माझ्या कानांना काही झालेलं नव्हतं. शाहजादीच्या रजईची रुई ते ती गेल्यापासून रोज दुपारी चोरून पिंजत होते, आता त्यात माझ्या गादीची भर पडली. सासूला हे माहीत होतं. म्हाताऱ्याला लोक वेडा म्हणतील म्हणून तिने तातेची थाप मारली, आणि मी मात्र स्वतःला वेडी समजत बसले.

‘मोकळी करतो अन् दाबून ठेवतो,’ ते म्हणाले, ‘काई दिवसानं पाह्यतो त पुन्हा गाठी. जाऊनच नाई राह्यलं तिचं दुखणं.’ मी विचारलं, काय दुखत होतं तिला? ते म्हणाले, ‘तिनं मलेच सांगतलं होतं. अब्बा, मी घरात हाय पन घरात नाई. मी म्हटलं, रोज्याचा अशक्तपना हाय, ईद झाली का बरं वाटंन. ती जेवत नव्हती, बेटी, अन् आमी तिची तारीफ करून राह्यलो होतो.’

मी म्हटलं, ‘अब्बा, मीबी जेवत नाई. माझे रोजे नव्हतेच.’

हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. त्यांनी हातातली मूठ खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच त्यांना पाणी आणून दिलं.

आता तुला सरळ लिहिते. मला मरायचं नाही, आपा. पण दुपारच्या वेळी एक विचार येतो आणि शेजारी बसतो. त्याच्या बोलण्यात राग नसतो. घरातल्या मोठ्या माणसाने समजावावं तसा समजावतो, की तू नसलीस तर सगळ्यांचंच बरं होईल. आणि मला ते पटायला लागलंय. विहिरीवर जाळी आहे म्हणून मी त्या जाळीचे आभार मानते. शुक्रवारी सतवासा आहे आणि मला त्यानंतरच्या शनिवारची भीती वाटते.

भांडण नंतर करू. ये.

नमरा


मालेगाव, ५ एप्रिल

आपा,

अब्बा काल सकाळपासून घरात नाहीत. कोणाला न सांगता गेले. फोन त्यांच्याकडे नाही. अल्ताफ मोटरसायकल घेऊन शोधतोय, सासू दारात बसून आहे.

मागच्या खोलीला कुलूप लागलंय. आज दुपारी आवाज आला नाही. तो येत होता तेव्हा घाबरायचे, आता येत नाही तर जास्त घाबरले. इतकी शांतता आहे की शेजारी बसलेल्या विचाराचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. मी त्याला सांगितलं, थांब, मी पत्र लिहितेय. पत्र संपवायचं नाही म्हणून काहीबाही लिहिते. समोरच्या दुकानात पंखा फिरतोय. मांजरीने गोणीवर पिल्लं घातलीत, तीन पांढरी आणि एक काळं. काळं पिल्लू सारखं दुधापासून बाजूला पडतं, मांजर त्याला मानेला धरून परत आणते. पुन्हा पडतं, पुन्हा आणते. मी मघापासून तेच बघते आहे.

दारात कोणीतरी आलं. सासू उठून उभी राहिली


धनज, ११ मे

शाहजादी,

तुला आपा म्हणायला हवं. पण तू गेलीस तेव्हा माझ्याच वयाची होतीस म्हणे, म्हणून नावाने लिहिते. मी नमरा, अल्ताफची दुसरी. तुझ्या ओसरीत बसून मी तुझी वाक्यं बोलले, तेव्हा तशी आपली ओळख आहेच.

त्या दिवशी दारात अब्बा होते आणि त्यांच्यामागे माझी आपा. म्हातारा एसटी बदलत बदलत धनजला पोचला होता. पत्ता माहीत नव्हता; गाद्यांच्या खोळी शिवणारी कोण, असं विचारत गेला. आपा सांगते, दार उघडलं तर दाढीत रुई अडकलेला माणूस उभा. बस म्हटलं तर बसेना. म्हणाला, ‘एक गेली. मी पिंजून पिंजून थकलो. तुमची पोरगी घेऊन जा, अन् दर्ग्यावर नोको, दवाखान्यात न्या.’ त्या दिवशी गाडी सुटली होती, म्हणून रात्री मशिदीत झोपला आणि सकाळी आपाला घेऊन निघाला.

माझी तिन्ही पत्रं तिने दोनदोनदा वाचली होती. मी माफी मागण्याची वाट पाहत होती. चौथं तोवर पोचलंच नव्हतं, आणि पाचवं मी अर्धवट तिच्या हातात दिलं. तिने ते ओसरीत उभ्यानेच वाचलं आणि माझ्या कानाखाली एक मारली. मग मला असं धरलं की पोट मध्ये आलं आणि बाळाने तिला लाथ मारली. ती म्हणाली, पोरगं तुझ्यावरच गेलंय.

पुढच्या कामाच्या दिवशी आम्ही वाशिमला सरकारी दवाखान्यात गेलो. सासूही आली. मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी आपाला बाहेर बसवलं आणि साध्या साध्या गोष्टी विचारल्या. हसू येतं का. झोप लागते का, की आडवं पडून नुसती वाट बघता. जेवण उतरतं का. उगाच आपलीच चूक वाटते का. मी हो-नाही करत होते. मग त्या म्हणाल्या, ‘आपण घरातच आहोत, पण घरात नाही, असं वाटतं?’

 मी विचारलं, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

त्या म्हणाल्या, ‘बायका सांगतात. याच खुर्चीत बसून. परवा एक शाळेतल्या मॅडम अगदी याच शब्दांत सांगून गेल्या.’ बाळाला दुसरी आई मिळायला हवी होती, असं वाटतं का, तेही त्यांनी विचारलं. आणि शेजारी बसणाऱ्या विचाराबद्दल विचारलं, स्पष्ट, न चाचरता, जशी तापाची चौकशी करतात तशी. मी सगळं सांगितलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. डिप्रेशन म्हणतात त्याला. पोटुशीपणात होतो, पुष्कळ जणींना होतो, आणि औषधाने, बोलण्याने, सोबतीने बरा होतो. बाळाला चालेल अशी गोळी दिली. दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि आपाला बजावलं की हिला सध्या एकटं सोडायचं नाही.

शाहजादी, ती वाक्यं तुझी नव्हती गं. माझीही नव्हती. आजाराची होती ती, आणि तो आजार ज्या बाईला होतो तिच्या तोंडून तेच बोलतो. तू माझ्यात आली नव्हतीस. आपण दोघी एकाच दुखण्याने आजारी पडलो, एवढंच झालं. मला कोणीतरी खुर्चीत बसवून विचारलं आणि तुला कोणी विचारलं नाही. याचा मला इतका राग येतो की कधीकधी मी अल्ताफशी बोलत नाही. त्यालाही येतो. तो परवा इथे आला होता, आपाच्या शिलाई मशीनपाशी बसून तुझ्याबद्दल पहिल्यांदा बोलला. तुला लिंबाचं लोणचं आवडायचं आणि तू त्याच्या टेम्पोला नाव ठेवलं होतंस. नाव मी लिहीत नाही, चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

सासूने डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, पहिलीलेही हेच होतं का? त्या म्हणाल्या, न पाहिलेल्या माणसाबद्दल मी खात्रीने सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगता ते असंच दिसतं. सासू बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी बसले. ती माझा हात हातात घेऊन पुष्कळ वेळ तुझ्याच नावाने हाका मारत होती, आणि या वेळी मी तिला थांबवलं नाही.

सतवासा इथे धनजला झाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारभर, आपाने मला नजरेआड होऊ दिलं नाही, संडासाच्या दारापर्यंत येऊन बाहेरून भांडत राहिली. तो दिवस गेला. त्यानंतरचेही वाईट दिवस येतात. गोळीने जादू होत नाही. अजून एखाद्या सकाळी छातीवर पाटा असतो, आणि मग मी आपाला सांगते, आज आहे. ती म्हणते, असू दे, चहा घे.

तुझ्या रुईचं काय करायचं, यावर घरात वाद झाला. सासू जाळा म्हणाली. अल्ताफ नदीत सोडू म्हणाला. अब्बांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला द्या. आपाने माझ्या सात पिढ्या उद्धारल्या, त्यातल्या तिच्याही सात आहेत हे विसरून. मी म्हटलं, चटईवर झोपूनही मी आजारीच होते, मग रुईचा काय गुन्हा? पिंजाऱ्याच्या घरात ती फेकत नाहीत, ते बरोबरच होतं. चुकलं ते दुसरीकडे.

अब्बांनी ती शेवटची पिंजली. आपाने बडबडत बडबडत हिरवी खोळ शिवली, टाके मात्र बारीक घातले. धुनकी आता मालेगावच्या ओसरीत, सगळ्यांना दिसेल अशी टांगली आहे.

काल दुपारी मी तुझ्या रुईवर आडवी झाले. जरा डोळे मिटते म्हणून आडवी झाले आणि आपाने हलवलं तेव्हा दिवस कलल्यावरची असरची अजान होऊन गेली होती. मी झोपले होते, शाहजादी. पाठीखाली एक गाठ टोचत होती. आता होणारच, रुई आहे. खोळीवरून बोटांनी चेपून चेपून ती मोकळी केली. मग आपाला हाक मारून विचारलं, खायला काय आहे.

नमरा